मडकं आहे म्हणजे कुंभार असणारच ना?

काल फॅमिली ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड. घड्याळ आपोआप बनत नाही, मग एवढं विश्व आपोआप कसं बनेल, आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी नास्तिक वगैरे नाही हां, एकादशी धरतो, पण हे वाचलं की माझं टाळकं सरकतं.

ते घड्याळ पेली नावाच्या पाद्र्याचं, १८०२ चं. आपल्याकडे न्याय दर्शनाचे, म्हणजे तर्कशास्त्रवाल्या परंपरेचे, मिथिलेचे पंडित उदयनाचार्य, त्यांनी साधारण आठशे वर्षं आधी न्यायकुसुमांजली या ग्रंथात हेच मांडलंय आणि जास्त चोख. मडकं हे कार्य, म्हणजे घडवलेली वस्तू, म्हणून त्याला कर्ता, पृथ्वी पण कार्यच, म्हणून तिलाही कर्ता. माणूस भारी होता, पुरीला जगन्नाथाचं दार बंद दिसलं तर देवालाच सुनावलं म्हणतात, की ऐश्वर्याच्या मस्तीत मला विचारत नाहीस, पण तुला न मानणारे बौद्ध वादाला समोर आले की तुझं असणं माझ्याच हातात!

पण गंमत पुढे आहे. ही मांडणी मोडली कोणी तर रामानुजाचार्यांनी, म्हणजे पक्क्या वैष्णवाने. श्रीभाष्यात, म्हणजे ब्रह्मसूत्रांवरच्या त्यांच्या टीकेत, ते विचारतात की हे सगळं एकानेच, एकाच वेळी केलं कशावरून, वेगवेगळ्या वस्तू वेगवेगळे कर्ते वेगवेगळ्या वेळी करताना दिसतातच की. आणि कुंभाराला शरीर असतं, त्याचं काय? ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने, जहाज बांधायला कितीतरी माणसं लागतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून, असं म्हटलं ते १७७९ ला छापून आलं, सहाशे वर्षांनी. रामानुजांचं म्हणणं, देव शास्त्रातून कळतो, अनुमानातून नाही. मला हे प्रामाणिक वाटतं.

कारण कुंभारावरून फार तर कारागीर मिळतो. तोही माती स्वतः बनवत नाही, न्यायवाल्यांचा ईश्वरसुद्धा परमाणू बनवत नाही, ते आधीपासून आहेतच, तो फक्त जुळवतो. आमच्या आजोळच्या कुंभारवाड्यातले आबा मातीत लीद नि राख कालवायचे, भट्टीतून निघालेल्या मडक्याला टिचकी मारून कान लावायचे, बद्द वाजलं की बाजूला. आबा जाऊन बारा वर्षं झाली. त्यांचा रांजण अजून पडवीत आहे, पाणी तसंच गार. म्हणजे करणारा होता एवढं सिद्ध झालं, आता आहे हे कुठे झालं? आणि मी एकादशी धरतो ती 'होता' त्याच्यासाठी नाही ना.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. काकांचा रिप्लाय आला, "काल एकादशी होती, उपास सोडलास वाटतं?"