दुरुस्तीपूर्व आवृत्ती

चूक दिसली की तिच्याभोवती लाल शाईचे कडे करायचे आणि समासात दुरुस्ती लिहायची, एवढ्या एका तत्त्वावर मी पुण्यातल्या छापखान्यांमधून मुद्रितशोधनाचे काम केले आणि त्यावरच संसार चालवला. ह्रस्व-दीर्घाचे घोटाळे, छपाईतला उलटा पडलेला अक्षराचा खिळा, रंगीत कामात जागेवरून सरकलेली पिवळी शाई हे माझे जन्माचे वैरी. निवृत्तीनंतर न्यू जर्सीला चिरंजिवांकडे आल्यावर मात्र नातवाने माझ्यापुढे बेसबॉलच्या जुन्या कार्डांनी भरलेला बुटांचा खोका ठेवला आणि फर्मावले, "आजोबा, यातली चुकलेली कार्डं शोधून बाजूला काढा. ती महाग असतात." ज्याने हयातभर चुका मारल्या त्याला म्हातारपणी चुका जपायला बसवणे हा नियतीचा विनोद असेल, तर नियतीला पुणेरी पाणी लागले असले पाहिजे.

खोका शेजारच्या निवृत्त गृहस्थांचा होता. गॅरेज आवरताना त्यांना तो सापडला आणि आमच्या नातवाची आवड ठाऊक असल्यामुळे त्यांनी तो उदार मनाने देऊन टाकला. वरच्या थरात त्यांच्या मुलाची 1989-90 च्या सुमाराची कार्डे होती आणि तळाशी त्यांची स्वतःची, म्हणजे 1958 पासून 1969 पर्यंतची. त्यातली काही त्यांनी लहानपणी सायकलच्या चाकात फडफड आवाज यावा म्हणून अडकवली होती, त्यामुळे त्यांचे कोपरे पार झिजले होते. आमच्या लहानपणी क्रिकेटपटूंची चित्रे आम्ही वहीत खळीने चिकटवत असू, तेव्हा हळहळ व्यक्त करण्याचा नैतिक अधिकार मला नव्हता. टॉप्स कंपनीची ही कार्डे 1957 पासून अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच अशी ठरलेल्या मापाची आहेत. पुढे खेळाडूचे चित्र, मागे त्याची आकडेवारी. पूर्वी पाकिटात च्युइंगगमही असे. इतक्या साध्या वस्तूत चुकायला जागा तरी किती असणार, असे कोणालाही वाटेल. छापखान्यात काम केलेल्या माणसाला तसे वाटत नाही.

पहिला धडा पिवळ्या रंगाचा होता. 1958 च्या संचातल्या सुरुवातीच्या काही कार्डांवर खेळाडूचे किंवा संघाचे नाव काही प्रतींत पांढऱ्या अक्षरांत, तर काही प्रतींत पिवळ्या अक्षरांत छापले गेले. पिवळी अक्षरे कमी निघाली, म्हणून ती मोलाची. हँक आरनच्या 30 क्रमांकाच्या कार्डावर त्याचे नाव पिवळे असावे लागते, रॉबर्टो क्लेमेंटेच्या 52 क्रमांकाच्या कार्डावर मात्र नाव नव्हे, संघ पिवळा असावा लागतो. एवढे पाठ करून मी 1969 पर्यंत पोहोचतो तोच नियम उलटा फिरला. मिकी मँटलच्या 500 क्रमांकाच्या कार्डावर आडनाव पिवळे असेल तर ते नेहमीचे, आणि पांढरे असेल तर दुर्मीळ. म्हणजे एका वर्षी पिवळ्याचा शोध घ्यायचा आणि दुसऱ्या वर्षी पिवळ्याच्या अभावाचा. त्यातही तो पांढरा रंग जन्मतः पांढरा आहे की मूळचा पिवळा उन्हात विटला आहे, हे ठरवण्यासाठी मी सूनबाईंच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यात प्रखर दिव्याखाली ठाण मांडले, आणि त्यांना पोळ्या जेवणाच्या टेबलावर लाटाव्या लागल्या. आमच्या खोक्यात ना आरन होता, ना क्लेमेंटे, ना मँटल. होते ते सारे त्यांच्या संघातले सामान्य कार्यकर्ते. पण तपासणीत भेदभाव नको, असे नातवाचे म्हणणे पडले आणि तत्त्व म्हणून मला ते मान्य करावे लागले.

रंगीत छपाईत चार शाया चार वेळा कागदावर उतरतात, हे ज्याला माहीत आहे त्याला या शास्त्राचा अर्धा भाग आपोआप कळतो. 1982 च्या काही टॉप्स कार्डांवर काळी शाई उतरलीच नाही, म्हणून खेळाडूंच्या छापील सह्या गायब झाल्या. 1990 मध्ये फ्रँक थॉमस या नवख्या खेळाडूच्या 414 क्रमांकाच्या कार्डाच्या काही प्रतींवर पुढच्या बाजूला त्याचे नावच आले नाही, कारण तावाच्या तेवढ्या भागात काळा रंग बसला नव्हता. आमच्याकडे नवरदेवाचे नाव न उमटलेली लग्नपत्रिका निघाली असती, तर छापखान्याच्या मालकाने माझे नाव त्या जागी लिहून मला मांडवात उभे केले असते. इथे ते निनावी कार्ड लोक काचेच्या कपाटात ठेवतात.

दुसरा धडा माझ्या खास प्रांतातला निघाला. 1990 च्या डॉनरस कंपनीच्या कार्डांवर मागच्या बाजूला अगदी तळाशी, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत हक्काची, म्हणजे कॉपीराइटची, ओळ आहे, आणि तीत कंपनीच्या नावातील 'इन्क' या संक्षेपापुढे काही प्रतींत टिंब आहे आणि काही प्रतींत नाही. हे ऐकल्यावर मला जो हर्ष झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे. ज्या टिंबासाठी मी लेखकांशी, संपादकांशी आणि एकदा तर एका कुलगुरूंशी वाद घातला होता, त्या टिंबाची स्वतंत्र नोंद करणारा समाज पृथ्वीवर आहे, हे मला उशिरा कळले एवढेच. मी माझे जुने भिंग काढले, गठ्ठा घेतला आणि दुपारभर टिंबे शोधली. माशीने केलेला ठिपका आणि छापलेले टिंब यांतला फरक ओळखण्याचे कौशल्य आजच्या पिढीत उरलेले नाही, ते मी नातवाला प्रात्यक्षिकासह शिकवले. संध्याकाळी दोन व्यवस्थित गठ्ठे त्याच्या हवाली करून मी किंमत विचारली. "दोन्हींची सारखीच," तो म्हणाला. त्या काळात कार्डे इतकी भरमसाट छापली गेली की टिंब असो वा नसो, त्यांना गिऱ्हाईक नाही. टिंबाची अशी अवहेलना पुण्यातसुद्धा कोणी केली नव्हती.

याच थरात 1989 चे फ्लीअर कंपनीचे बिली रिपकनचे कार्ड निघाले. हा बाल्टिमोर ओरिओल्सचा खेळाडू खांद्यावर बॅट टेकवून प्रसन्न उभा आहे. त्या बॅटच्या मुठीच्या टोकावर कोणीतरी शाईने दोन शब्द लिहिले होते, ते कार्ड बाजारात जाईपर्यंत कोणाच्या नजरेस पडले नाहीत. पहिला शब्द घरंदाज माणसाने उच्चारू नये असा आहे आणि दुसरा माणसाच्या चेहऱ्याविषयी आहे, एवढे सांगितले की पुरे. बोभाटा झाल्यावर कंपनीने दुरुस्ती सुरू केली, आणि ती एकदा करून थांबली नाही. कधी त्या जागी पांढरा डाग दिला, कधी रेघोट्या ओढल्या, कधी मुठीचा तुकडाच करवतीने कापल्यासारखा काढला, आणि अखेर एक काळा चौकोन ठोकून दिला. अशा एकाच कार्डाच्या अनेक तऱ्हा झाल्या आणि प्रत्येकीला संग्राहक मिळाला. आता आमच्याकडची प्रत कोणती, हे ठरवण्यासाठी मला भिंगातून तो अपशब्द अक्षरशः अक्षर-अक्षर वाचावा लागला आणि नातू शेजारी वही घेऊन, "दिसतंय का आजोबा? पूर्ण दिसतंय का?" असे विचारत राहिला. आतून सूनबाईंनी, "काय वाचताय एवढं?" असे विचारले तेव्हा आजोबा आणि नातू यांच्यात जी एकजूट दिसली, ती कुठल्याही बेसबॉल संघाने हेवा करावा अशी होती. सुदैवाने आमच्या प्रतीवर काळा चौकोन निघाला आणि घराण्याची अब्रू राहिली. ती काळ्या चौकोनाची प्रत सर्वांत सहज मिळणारी असते, हे नातवाने दुःखाने सांगितले.

इथवर आल्यावर या विद्येचे खरे मर्म मला उमगले, आणि ते ऐकून तमाम मुद्रितशोधकांची छाती फुगेल. नुसत्या चुकीला इथे फारसा भाव नाही. 1957 च्या संचात हँक आरनचे छायाचित्र उलटे छापले गेले, त्यामुळे हा उजव्या हाताचा फलंदाज डावखुरा दिसतो. 1969 मध्ये ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर चक्क संघाच्या बॅटा सांभाळणाऱ्या पोराचे छायाचित्र लागले. दोन्ही चुका ढळढळीत. पण त्या कोणी सुधारल्याच नाहीत, सगळी कार्डे तशीच निघाली, म्हणून चुकीचा असा वेगळा भाव त्यांना नाही. उलट 1909 ते 1911 या काळात सिगारेटच्या पाकिटांतून मिळणाऱ्या कार्डांत फिलाडेल्फियाच्या शेरी मॅगी याच्या आडनावात एका स्वराची गफलत झाली, ती लवकर कोणाच्या तरी लक्षात आली आणि छपाई चालू असतानाच सुधारली गेली. म्हणून ती चुकीची स्पेलिंग असलेली मोजकी कार्डे आज भल्याभल्यांच्या आवाक्याबाहेर आहेत. 1974 मध्ये सॅन डिएगोचा पाद्रेस संघ वॉशिंग्टनला हलणार असे धरून त्याच्या खेळाडूंच्या काही कार्डांवर वॉशिंग्टन छापूनही टाकले. मग मॅकडोनल्ड्सच्या रे क्रॉक यांनी संघ विकत घेऊन तिथेच ठेवला, आणि पुढच्या प्रतींत सॅन डिएगो आले. तेव्हा हे मोल निर्माण कोणी केले? चुकणाऱ्याने नव्हे. मधेच यंत्र थांबवून "अहो, हे बघा" म्हणणाऱ्या, कोणी नावही न विचारलेल्या माणसाने. ही गोष्ट मी रात्री जेवताना सविस्तर मांडली. आमच्या हिने, "म्हणजे तुम्ही आधीच सगळं नीट तपासून देत होतात, म्हणून कोणाला काही मिळालं नाही," असा निष्कर्ष काढून भात वाढला.

हिचा या प्रकरणातला प्रवेश असा भाताच्या निमित्ताने झाला, पण पुढे तिने सूत्रेच हातात घेतली. मी आणि नातू कार्डांचे चेहरे न्याहाळत असताना ही एकदम म्हणाली, "अहो, पाठ बघा की आधी." पैठणी हातमागाची की यंत्रमागाची हे ती पदर उलटा करून ओळखते, येवल्याच्या दुकानदारांनी तिच्यापुढे हात टेकलेले मी पाहिले आहेत. तीच रीत तिने इथे लावली आणि आश्चर्य म्हणजे ती तंतोतंत लागू पडली. सिगारेटच्या त्या जुन्या कार्डांना संग्राहक टी-206 म्हणतात, आणि तिथे पुढचे चित्र तेच राहून मागची जाहिरात पीडमाँटची, स्वीट कॅपोरलची की पोलर बेअरची, यावर किंमत बदलते. मागे इंग्रजीबरोबर फ्रेंच मजकूर असेल तर ते कार्ड टॉप्सचे नसून कॅनडातल्या ओ-पी-ची कंपनीचे. आणि 1952 चे मिकी मँटलचे ते जगप्रसिद्ध 311 क्रमांकाचे कार्ड, ज्याची एक उत्तम प्रत 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेली, तेही दोन तऱ्हांत आहे: मागे क्रमांक ज्या चेंडूच्या चित्रात छापला आहे, त्या चेंडूची शिवण एका तऱ्हेत एकीकडे वळते आणि दुसरीत दुसरीकडे. त्या संचाची न खपलेली कार्डे टॉप्सच्या साय बर्गर यांनी 1960 मध्ये पडावात भरून याच न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर अटलांटिकमध्ये बुडवली. हे कळल्यापासून चिरंजीव समुद्रावर फिरायला नेतात तेव्हा नातू पाण्याकडे ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने आमच्याकडे लोक फक्त वडिलोपार्जित जमिनीकडे पाहतात.

हल्लीच्या कार्डांविषयी मी फार लिहिणार नाही, कारण मला त्यांचा राग आहे. पूर्वी चुका प्रामाणिकपणे होत. आता कंपन्या मुद्दाम फरक करतात. तोच खेळाडू, तोच क्रमांक, फक्त छायाचित्र वेगळे, आणि ते दुर्मीळ आहे की नाही हे मागच्या बाजूला तळाशी असलेल्या सूक्ष्म सांकेतिक क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांवरून ओळखायचे. काही कार्डे प्रकाशात तिरपी धरली की इंद्रधनुष्यासारखी झळकतात, त्यांना रिफ्रॅक्टर म्हणतात. पुढे त्यांच्या पाठीवर तसा शब्द छापू लागले, पण 1993 च्या फायनेस्ट या पहिल्या संचात मागे काहीच लिहिलेले नाही, ते कार्ड हातात घेऊन डोलवूनच ठरवावे लागते. सकाळच्या उन्हात खिडकीशी उभे राहून मी नातवाच्या मित्राचे असे एक कार्ड डोलवत होतो, तेव्हा समोरच्या बाईंनी मला परत हात हलवून शुभेच्छा दिल्या.

खरी लढाई झाली ती 1962 च्या कार्डांवरून. या संचाच्या कडा लाकडी चौकटीसारख्या छापलेल्या आहेत. त्यात 110 पासून 196 पर्यंतच्या क्रमांकांची कार्डे दोन प्रकारची मिळतात: एक नेहमीची आणि एक हिरवट झाक असलेली. हिरवट झाक म्हणजे हिरवा रंग नव्हे. आकाश थोडे आजारी वाटावे, खेळाडूच्या गालांवर समुद्र लागल्याची कळा यावी, इतकीच. दोन्ही प्रकार शेजारी असतील तर फरक दिसतो म्हणतात; आमच्याकडे प्रत्येकाचा एकच नमुना होता. काही क्रमांकांत निदान छायाचित्रही बदलले आहे. मिलवॉकीच्या कार्ल विलीच्या 174 क्रमांकाच्या कार्डावर एका प्रकारात डोक्यावर टोपी आहे आणि दुसऱ्यात नाही, असा विचारी छपाईवाला प्रत्येक वेळी कुठून मिळणार? बाकीच्यांसाठी ढगाळ दिवसाचा उत्तरेकडचा उजेड हवा, असा माझा व्यावसायिक आग्रह होता. ट्यूबलाइट पुरे, असे नातवाचे मत होते. चिरंजिवांनी फोनवर फोटो काढून रंगांचे आकडे काढले, तर फोनने प्रत्येक फोटोत रंग स्वतःच्या मर्जीने सुधारले होते. सूनबाईंना सगळीच हिरवट दिसली, पण त्यांची ती अवस्था आमच्या एकूण मुक्कामामुळेही असू शकेल. हिने मात्र एकेक कार्ड उचलले, पाठ पाहिली, पोट पाहिले आणि भाजीवाल्याकडची गवार निवडावी तशा वेगाने दोन वाट्या केल्या.

मी त्या वाट्या माझ्या भिंगाने पुन्हा तपासल्या आणि सात-आठ ठिकाणी हरकत नोंदवली, कारण दुसरा वाचक ठेवल्याशिवाय प्रत छापायला सोडायची नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे. नातवाने ही कोंडी लॅपटॉपवर सोडवली. त्याच्या तक्त्यात क्रमांक, खेळाडू, संघ आणि स्थिती यांच्यापुढे आता दोन नवे रकाने आहेत, 'आजी' आणि 'आजोबा'. जिथे दोन्हींत एकच उत्तर आहे तिथे तो किंमत लिहितो. जिथे नाही तिथे तो आजीची किंमत लिहितो.