काही मिळालं का, काका?

मुंबईत मेटल डिटेक्टर वाजला म्हणून कुणी थांबल्याचं तुम्ही कधी पाहिलंय? स्टेशनच्या दारात ती चौकट उभी असते. माणसं तिच्यातून जातात, ती प्रत्येकाला वाजते, आणि शेजारच्या खुर्चीतले साहेब मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. मॉलच्या दारातही तेच, फक्त तिथे वाजल्यावर ‘थँक यू सर’ म्हणतात. तेव्हा हेच यंत्र काठीला लावून, वाळूत हरवलेल्या वस्तू शोधत आपण गिरगाव चौपाटीवर फिरवलं तर कुणाचं काय जाणार आहे, असं तुमच्या मनात आलं असेल. रविवारची सकाळ, कानाला हेडफोन, हातात खुरपं, समोर समुद्र आणि एकांत.

एकांत! वाचून बरं वाटलं.

या शहरात उभ्या माणसाकडे कुणी बघत नाही. धावणाऱ्याची तर आठ बावन्नची गाडी चुकत असते, हे सगळ्यांना आपसूक कळतं. वाकलेला माणूस मात्र सार्वजनिक मालमत्ता. तुम्ही गुडघ्यावर बसून दोन खुरपी वाळू काढेपर्यंत तुमच्या डोक्यावर सावली पडलेली असते, आणि सावली विचारते, “काही मिळालं का?”

याचं खरं उत्तर चुकूनही देऊ नका. “छंद आहे हो” म्हणालात की संपलात. छंद म्हणजे ट्रेकिंग, फोटोग्राफी, फार तर गच्चीतले टोमॅटो. सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून वाळू उकरायची आणि हाती सोड्याच्या बाटलीचं बूच लागलं तरी समाधानाने घरी जायचं, हे पटणारा माणूस मुंबईत अजून जन्मायचाय. “छंद बरोबर आहे, पण महिन्याचे सुटतात किती?” असं ते सावलीवाले काका विचारतील. ‘काही नाही’ म्हणालात तर तुम्ही लपवताय. ‘पाच-दहा रुपये’ म्हणालात तर नक्कीच लपवताय.

म्हणून सरळ सांगा, “महिन्याला एखादी अंगठी सुटते.” काकांचा जीव भांड्यात पडेल. माणूस धंद्याला लागलेला दिसतोय, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. झवेरी बाजारात घमेलावाले गटारातला गाळ उपसतात, तो धुऊन सोन्याचे कण वेगळे काढतात. झारेकऱ्यांचं हे पिढ्यान् पिढ्यांचं काम. त्यांना कुणी थांबवून ‘हे कशासाठी हो?’ असं विचारत नाही. त्यांचं कशासाठी ते दिसतंय, तुमचं दिसत नाही, संशय यायचाच.

यानंतर सल्लागार येतात. “इथे काय बघताय? तिकडे बघा, भेळवाल्यांच्या बाजूला.” त्यांच्याशी वाद घालू नका, या यंत्राच्या जन्मापासून ते सोबत आहेत. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा शरीरात अडकलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः असंच यंत्र घेऊन गेला होता. पण मुख्य डॉक्टरांना खात्री होती, गोळी उजवीकडेच आहे, तेव्हा उजवीकडेच शोधा. शिवाय खालच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा. गोळी होती डावीकडे. तेव्हा बेलसारख्या बेलला जिथे ‘इकडेच बघा’ म्हणणारा भेटला, तिथे तुमची काय कथा. मुकाट्याने भेळवाल्यांच्या बाजूला जा. तिथे बुचं भरपूर मिळतात.

हेडफोन मात्र काढू नका. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे ओल्या वाळूवर यंत्र उगाचच कुरकुरत राहतं. हा आवाज लोकांच्या कानी पडला तर दर कुरकुरीला “वाजलं, वाजलं, खणा!” असा गजर होईल आणि तुम्हाला खणावं लागेल. त्यातून सोन्याची बारीक अंगठी आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद या यंत्राला जवळजवळ सारखेच ऐकू येतात. तुम्ही चंदेरी कागद वर काढलात की जमलेल्यांचा असा काही हिरमोड होतो की वाटतं, त्यांचे पैसे परत करावेत.

गर्दीत एक आजोबा असतात. ते बोलत नाहीत, वाट बघतात. बाकीचे पांगले की जवळ येऊन हळूच म्हणतात, “चव्वेचाळीस सालचं शोधताय ना?” १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन ही बोट फुटली. तिच्यात दारूगोळा होता, कापूस होता आणि सोन्याच्या लगडी होत्या. लगडी आकाशात उडाल्या, त्यातली एक एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली आणि त्याने ती परत केली, इथवर सगळं खरं आहे. गोदी शहराच्या पूर्वेला, आपण पश्चिमेला, मध्ये अख्खं भुलेश्वर, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका. “सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली होती, ठाऊक आहे?” असं ऐकावं लागेल. सिमल्याला हादरा पोचतो आणि गिरगावात वीट पोचत नाही? तो पारशी प्रामाणिक निघाला याची खंत आजोबांच्या आवाजात अजून असते.

आजोबा परवडले. “आमच्या गावी वाड्यात हंडा आहे” म्हणणारा भेटला तर काठी गुंडाळून सरळ चर्नी रोड स्टेशन गाठा. प्रत्येकाच्या गावच्या वाड्यात हंडा असतो. त्यावर नाग असतो. चुलत्याला जागा माहीत असते पण तो सांगत नाही. एवढ्यात तुम्हाला विचारलं जाईल, “तुम्ही पायाळू आहात का?” जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाला पुरलेलं धन दिसतं, अशी समजूत आहे. ‘नाही, माझ्याकडे बॅटरीचं यंत्र आहे’ हे उत्तर तिथे कमी दर्जाचं मानतात. वाटा निम्मा-निम्मा, प्रवासखर्च तुमचा, आणि अमावास्येला यायचं. हे आमंत्रण गमतीत घेऊ नका. गुप्तधनाच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांसाठी महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागलेला आहे.

कायद्यावरून हवालदार आठवले. ते विचारतील, “परवानगी आहे का?” यात त्यांचं काही चुकत नाही. २००८ साली माणसं समुद्रातूनच आली होती, तेव्हा किनाऱ्यावर खड्डे खणणाऱ्याला हटकायलाच हवं. तिथे विनोद नको, यंत्र दाखवा, ओळखपत्र दाखवा, ‘जा’ म्हणाले तर जा. किल्ल्यांकडे तर फिरकूच नका. संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय खणायला गेलात तर सल्ला वकिलाचा लागेल.

मात्र हवालदारांपेक्षा कडक एक गृहस्थ गर्दीतच असतात. निवृत्त, हातात दुधाची पिशवी, आणि भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ तोंडपाठ. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, नाहीतर एक वर्षापर्यंत कैद. रक्कम दहा रुपयेच आहे, इंग्रज गेले तरी ती वाढलेली नाही. म्हणजे दहाचं एक नाणं सापडलं तर खिशात घाला. शेजारी रुपया सापडला की अर्ज लिहायला बसा. त्यात मुंबईला जिल्हाधिकारी दोन. गिरगावचा रुपया फोर्टात जुन्या कस्टम हाउसला, जुहूचा रुपया वांद्र्याला. या गृहस्थांना नमस्कार करा आणि रुपया त्यांच्याच हातात द्या. तेही ‘कशाला, कशाला’ म्हणत खिशात टाकतात.

एवढं सगळं नको असेल तर चमकपट्ट्यांचं पोपटी जॅकेट घ्या. सोबत पिवळं हेल्मेट आणि क्लिप लावलेलं एक पॅड. कुठल्या खात्याचं नाव मात्र घेऊ नका, सरकारी नोकर असल्याचं सोंग आणणं हा गुन्हा आहे. घ्यायची गरजही नाही, खातं लोकच ठरवतात. तुम्ही काल जिथे उकिडवे बसून चोरासारखे दिसत होता तिथेच आज बसा. कुणी विचारणार नाही. दोन फेरीवाले आपणहून टोपल्या बाजूला घेतील. थोड्या वेळाने मागून आवाज येईल, “कोस्टल रोडवाले आहेत.” बोगदा चौपाटीच्या खालूनच गेलाय हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे आणखी थोड्या वेळाने बोगद्याला तडा गेलेला असतो. दुपारी ही बातमी तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येईल, खाली ‘सत्य परिस्थिती’ असं लिहून, आणि फोटोत पाठमोरे तुम्ही.

जॅकेटमुळे प्रश्न थांबतात, तक्रारी सुरू होतात. “साहेब, आमच्या गल्लीत पाणी येतं ते पहाटे, तेही करंगळीएवढं. लिहून घ्या.” लिहून घ्या, पॅड कशाला आणलंय? “चाळीचं रिडेव्हलपमेंट अडकलंय, लिहून घ्या.” एक मावशी म्हणतील, “मागच्या वेळेला पण एकाने लिहून घेतलं होतं.” त्यालाही बहुधा एकांतच हवा असावा.

शेवटी कधीतरी खरोखरच एक बाई रडवेल्या चेहऱ्याने येतील. काल संध्याकाळी मुलाला पाण्यात खेळवताना बोटातली अंगठी गेली. इथेच कुठेतरी. तुम्ही जॅकेट काढा, पॅड ठेवा आणि नीट, पट्टे आखून शोधा, कारण हे काम या यंत्राला खरंच जमतं. अंगठी सापडेल. बाई हात जोडतील, गर्दी टाळ्या वाजवेल, कुणीतरी रील काढेल. मग बाईंचे यजमान अंगठी उन्हात धरून बघतील आणि म्हणतील, “यात मध्ये एक हिरा होता.”

टाळ्या थांबतील. सगळे तुमच्या खिशाकडे बघतील. हिऱ्यावर हे यंत्र वाजत नाही, हे शास्त्र आत्ता सांगायला जाऊ नका. भेळवाल्याकडून चाळणी मागून आणा आणि भरती किती वाजता आहे ते हळूच मोबाइलवर बघून ठेवा.