बॅटरीचं ठीक, पण अडासचं काय?

जुनी इलेक्ट्रिक गाडी बघायला साताऱ्यात कुठंही जा, एजंटांचं एकच पालुपद. "बॅटरी एक नंबर आहे साहेब!" अहो, बॅटरीचं कळलं. अडासचं, म्हणजे कॅमेरा-रडारनं रस्ता बघून चालकाला सावध करणाऱ्या आणि वेळ आली तर स्वतः ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचं काय? तर स्क्रीनवरचं चिन्ह दाखवतात. चिन्ह पेटलं म्हणजे झालं? काचेमागचा कॅमेरा, बंपरमागचं रडार कुणी तपासायचं? पुढची काच बदललेली, कडेला सीलंटचे ओघळ, कॅमेऱ्याचं कव्हर धड बसलेलं नाही. कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, केलं का विचारलं, तर "त्याला काय करायचं असतं?" करायचंच असतं! कॅमेरा केसभर तिरका बसला, तरी लांबच्या गाडीचा अंदाज चुकतो. रडारसमोर पुट्टी थापून रंग मारला, की त्यालाही नीट दिसत नाही. आणि टेस्ट ड्राइव्ह कुठं? पोवई नाक्याला एक वळसा! त्या गर्दीत गाडी आपल्या लेनमध्ये ठेवणारा लेन असिस्ट कळणार कसा? हायवेला घेऊ म्हटलं, की तोंडं वाकडी. उद्या खंबाटकी घाटात पुढचा ट्रक अचानक थांबला आणि ब्रेक आपोआप लागलाच नाही, तर मागे बसलेल्या पोरांचं काय? जीव आमचा जाणार, तुमचं कमिशन नाही. कॅलिब्रेशनचा कागद दाखवा, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले दोष दाखवणारा स्कॅन रिपोर्ट द्या. नसेल, तर अडासवालं टॉप मॉडेल म्हणून लावलेले जादा पैसे आधी कमी करा.