मामा, ते १४,९९९ भरू नका

रविवारी सकाळी सव्वासातला सांगलीहून मामांचा फोन. "गूगलनं नवा नियम काढलाय म्हणे, आज भरले तर १४,९९९, उद्यापासून पंचवीस हजार. भरून टाकू का?" मामांचं छोटं प्रकाशन आहे, शेतीची आणि मुलांची पुस्तकं, दीडशेच्या आसपास टायटल्स, आणि मामेभावानं कॉलेजात असताना करून दिलेली एक वेबसाइट, जिच्यावर अजून २०२१ च्या दिवाळीची ऑफर झळकतेय. म्हटलं थांबा, आधी मेसेज पाठवा. बघतो तर हा मेसेज मला दोन ग्रुपवरून आधीच येऊन पडलेला.

सार असं. गूगलनं पुस्तकं विकणाऱ्या साइट्सना 'स्कीमा सर्टिफिकेट' कंपल्सरी केलंय, नसेल तर सर्चमधून हकालपट्टी. कोड टाकला की सात दिवसांत पहिला नंबर. सोबत ४.९ स्टार आणि ५०० रिव्ह्यू रेडीमेड. 'फक्त २ प्रती शिल्लक' ही पट्टी आणि उलटं चालणारं घड्याळ फ्री. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकामागचा तो तेरा आकडी नंबर, आम्ही काढून देऊ म्हणजे कॉपीराइट पक्का. आणि शेवटचा हुकमी एक्का, अमेरिकेत बेस्ट बाय या टीव्ही-फ्रीजच्या दुकानसाखळीची विक्री याच कोडनं ३० टक्के वाढली.

एवढ्याशा मेसेजात इतकं खोटं कोंबायलाही कसब लागतं.

सर्टिफिकेटचं आधी उरकतो. स्कीमा म्हणजे नुसती ठरवलेल्या नावांची यादी आहे हो. २०११ साली गूगल, बिंग आणि याहूनं मिळून स्कीमा डॉट ऑर्ग सुरू केलं, मग रशियाचं यांडेक्स हे सर्च इंजिनही आलं. पुस्तक, लेखक, किंमत, स्टॉक या गोष्टी मशीनला कोणत्या नावानं सांगायच्या एवढंच त्यात आहे, आणि त्या नावांनी साइटच्या पानात लिहिलेली माहिती म्हणजेच हा 'कोड'. फुकट आहे, परवानगी लागत नाही, सर्टिफिकेट नावाचा प्रकारच नाही. आणि कोड नसला म्हणून कुणी सर्चमधून काढत नाही, नाहीतर मामांची साइट इतकी वर्षं दिसली असती का?

पहिल्या नंबरचं. गूगलच्या स्ट्रक्चर्ड डेटाच्या, म्हणजे असल्याच कोडच्या, नियमांचं पान आहे, कुणालाही उघडून वाचता येतं. त्यात चक्क लिहिलंय की कोड अगदी बिनचूक असला तरी तो रिझल्टमध्ये दिसेलच याची हमी आम्ही देत नाही. गूगलच हमी देत नाही आणि हा कोण कुठला पठ्ठ्या सात दिवसांची देतोय!

आता ते स्टार, ज्यांच्यामुळे मला खरा राग आला. मामांचं द्राक्षावरच्या भुरी-डाऊनी या रोगांचं पुस्तक घ्या. पाचशेची आवृत्ती, त्यातल्या दोनशे प्रती अजून माळ्यावर सुतळीनं बांधलेल्या, काही लायब्रऱ्यांत गेलेल्या, आणि साइटवर म्हणे रिव्ह्यू ५००. म्हणजे माळ्यावरच्या गठ्ठ्यांनीपण वाचून रिव्ह्यू दिले? उद्या तासगावचा एखादा बागायतदार ४.९ बघून पुस्तक मागवणार, तोच शेतकरी जो गेली वीस वर्षं मामांच्या स्टॉलवर येऊन चहा पितो, आणि तो विचारणार की हे पाचशे जण कोण, एकाचं तरी गाव सांगा. मामा काय सांगणार? आणि ते 'सगळेच करतात' वगैरे मला सांगू नका. त्याच नियमांच्या पानावर आहे की खोटे रिव्ह्यू चालत नाहीत, वाचणाऱ्याला पानावर न दिसणारी माहिती कोडमध्ये लपवून घालायची नाही, आणि सापडलात तर मॅन्युअल अ‍ॅक्शन. म्हणजे निकालाखाली जे स्टार, किंमत वगैरे छान छान दिसतं ते बंद. गंमत बघा, तिथेच असंही म्हटलंय की या शिक्षेचा साध्या सर्चमधल्या रँकिंगवर परिणाम होत नाही. म्हणजे कोडमधल्या लबाडीची शिक्षासुद्धा नंबरला हात लावत नाही, आणि हे लोक कोडनं पहिला नंबर आणून देणार. १४,९९९ भरून हातात काय, तर पकडले जायची सोय.

'फक्त २ प्रती शिल्लक'चं तर बोलायलाच नको, माळ्यावर दोनशे आहेत. खोटी घाई करायला लावणं हे केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नची, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांची, जी नियमावली काढली त्यातल्या तेरा प्रकारांत येतं. छोटा प्रकाशक म्हणून सूट नाही.

आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीत शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत राजा राममोहन रॉय एजन्सी आहे, ऑनलाइन अर्ज करायचा, मामा स्वतःच करतात, तरी मेसेज वाचून गडबडले! आणि तो पुस्तकाचा ओळख नंबर आहे, कॉपीराइटशी त्याचा काडीचा संबंध नाही. कॉपीराइट १९५७ च्या कायद्यानं, लिहिलं की आपोआप, तोही आधी लेखकाचा. पुढे.

बेस्ट बाय. इथे थोडं नमतं घ्यावं लागेल, कारण हा आकडा हवेतून आलेला नाही. २००८ मध्ये मार्टिन हेप नावाच्या प्राध्यापकानं गुडरिलेशन्स म्हणून दुकानदारीच्या माहितीची अशीच एक शब्दावली काढली, बेस्ट बायनं ती आपल्या दुकानांच्या पानांवर वापरली, पुस्तकवाल्यांतल्या ओरायली या संगणकाची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनानंही घेतली, आणि २०१२ मध्ये ती स्कीमा डॉट ऑर्गमध्येच मिसळली. बेस्ट बायच्या माणसांनी तेव्हा सांगितलं होतं की त्या पानांवर सर्चमधून येणारं ट्रॅफिक ३० टक्के वाढलं. ट्रॅफिक, म्हणजे येऊन बघणारे, विक्री नाही! कंपनीनं स्वतःच सांगितलेलं, २०१० च्या आसपासचं, टीव्ही-फ्रीज विकणाऱ्या दुकानाचं, आणि तेव्हा असला कोड फार थोड्यांकडे होता. ते उचलून आज सांगलीच्या प्रकाशकाला विक्रीवाढ म्हणून विकायचं म्हणजे कमाल आहे.

बरं, कोड अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही, म्हणायला आवडलं असतं. नीट टाकला तर निकालाखाली किंमत आणि 'उपलब्ध' दिसू शकतं, लोकांना बरं पडतं. पण त्यात आहे काय? मामा प्रकाशनपूर्व सवलतीचं जे पत्रक छापतात ते आठवा: पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, मूळ किंमत ३००, सवलतीत २००, मुदत अमुक तारखेपर्यंत, टपालखर्च वेगळा. स्कीमात हेच भरायचं असतं, किंमतीला एक खाना, मुदतीला एक, आणि उपलब्धतेच्या खान्यात 'आगाऊ नोंदणी' असंही लिहिता येतं. मामा हे काम पोस्टकार्डाच्या जमान्यापासून करतायत, फक्त वाचणारा बदलला. आणि मुदत उलटून गेलेली तारीख त्यात तशीच राहिली तर गूगल ते दाखवणंच बंद करू शकतं. २०२१ ची दिवाळी, मामा!

खरा घोळ कोडचा नाहीच. मी दुपारी त्यांची पुस्तकांच्या यादीची एक्सेल मागवली. एकाच लेखकाचं नाव तीन तऱ्हांनी, एकदा आद्याक्षरं, एकदा पूर्ण, एकदा इंग्रजीत. संपलेल्या आवृत्त्या 'उपलब्ध'. आणि आयएसबीएनचा कॉलम उघडला तर सगळीकडे ९.७८८१९ई+१२. एक्सेलला तेरा आकडी नंबर दिला की तो असा आखडून दाखवतो, आणि कुणीतरी ती फाइल तशीच सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची फाइल, म्हणून सेव्ह केलेली, म्हणजे शेवटचे खरे आकडे गेलेच. सेलवर क्लिक करून वरच्या पट्टीत बघितलं, ९७८८१९०००००००. खालच्या ओळीत तेच. त्याच्या खाली तेच. ससा-कासवाच्या गोष्टी आणि भुरी-डाऊनी, दोघांचा नंबर एक, शेवटी सात शून्यं. साइटवरही हेच चढलेलं. यावर १४,९९९ चा कोड टाकला असता तर मशीनला एकदम शिस्तीत कळलं असतं की मामांनी तीस वर्षांत एकच पुस्तक काढलंय.

मामांना सांगितलं, पैसे ठेवा, मामेभावाला बसवा, कॉलम 'टेक्स्ट' करा आणि प्रत्येक पुस्तक उलटं करून बारकोडवरचा नंबर बघून परत टाइप करा, कोड मी शनिवारी येऊन टाकतो, कोड तपासायची गूगलची टेस्ट फुकट आहे. काल रात्रीपर्यंत ३७ झाली होती. दिवाळीची ऑफर काढली का म्हणून विचारलं तर मामेभाऊ म्हणाला, ती आपण कुठून टाकली होती तेच सापडत नाहीये.