‘इन्स्टॉल करताना पॅकेजेस निवडायला देऊच नका’ म्हणे!

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, की लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या इन्स्टॉलरने युजरला पॅकेजेस (म्हणजे सोबत येणारी सॉफ्टवेअर्स) निवडायला देऊच नयेत, सगळं एकदम टाकून मोकळं व्हावं. कारणं चार: नवीन माणूस गोंधळतो, नको ते नंतर काढता येतं, डिस्क आता स्वस्त झालीय, आणि निवडू दिलं की डिपेंडन्सी (एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस) तुटतात. मला यातलं फार तर अर्धं पटलं.

गोंधळाचं बघू. डेबियन या लिनक्सचा नेटइन्स्ट (पॅकेजेस नेटवरून उतरवणारा इन्स्टॉलर) चालवला की शेवटाकडे टास्कसेल या निवडीच्या टूलची एकच स्क्रीन येते, नोम, एक्सएफसीई, केडीई, एलएक्सक्यूटी हे डेस्कटॉप, वेब सर्व्हर, एसएसएच सर्व्हर वगैरे. डेस्कटॉपवर आधीच टिक असते, ज्याला काही कळत नाही त्याने पुढे जायचं, झालं. हां, टेक्स्ट मोडमध्ये टिक करायला स्पेस दाबावी लागते आणि लोक एंटर मारतात, मीही पहिल्यांदा तेच केलं, हवा होता एक्सएफसीई आणि आला नोम. पण मग ते स्क्रीनवर ठळक लिहा की, स्क्रीनच कशाला उडवता?

‘नंतर काढा’ यात तर खरी गंमत आहे. डेबियन 12 वर नोम टाका आणि टोटेम हा व्हिडिओ प्लेयर काढायला जा, अ‍ॅप्ट (पॅकेजेस टाकणारं-काढणारं टूल) सांगतं की सोबत नोम-कोर पण जाणार! हे मेटापॅकेज आहे, म्हणजे नुसती यादी, ती गेली म्हणून डेस्कटॉप लगेच उडत नाही, पण हे नवख्याला कोण सांगणार? तो घाबरून ‘नो’ दाबतो आणि प्लेयर तिथेच राहतो. म्हणजे ज्याला गोंधळातून वाचवायचं म्हणत होतात त्यालाच नंतर जास्त गोंधळात टाकलंत. डेबियनच्या लाइव्ह इमेजवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणारी तयार सिस्टीम) टाकलेल्या एका लॅपटॉपवर तर मला मेनूत थाई टर्मिनल आणि जपानी टायपिंगची सेटिंग्ज सापडली होती, कारण एकच इमेज सगळ्या भाषांसाठी. नेटइन्स्टमध्ये मराठी निवडलं तर तो मराठीपुरतंच टाकतो.

डिस्क स्वस्त आहे, मान्य. पण 32 जीबीच्या जुन्या मिनी लॅपटॉपची डिस्क बदलता येत नाही, आणि प्रश्न जागेपेक्षा अपडेट्सचा आहे. जे कधी उघडलंच नाही त्याचेही अपडेट दर वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवत बसायचं का? उबंटू या दुसऱ्या लिनक्सने 18.04 या आवृत्तीत मिनिमलचा (कमीत कमी पॅकेजेसचा) पर्याय दिला आणि 23.10 पासून तोच डीफॉल्ट केला, ते काय उगाच?

डिपेंडन्सीचा मुद्दा स्लॅकवेअर या लिनक्सला लागू पडतो, तिथे त्या आपोआप सोडवल्या जात नाहीत म्हणून फुल इन्स्टॉलच करा म्हणतात. बाकी बहुतेक ठिकाणी इन्स्टॉलर पण तेच अ‍ॅप्ट नाहीतर डीएनएफ (फेडोरा या लिनक्सचं तसंच टूल) वापरतो जे तुम्ही नंतर टर्मिनलमध्ये वापरणार, तेव्हा तुटत नाही तर आधी कसं तुटेल?

पटलेलं अर्धं म्हणजे लाइव्ह इन्स्टॉलर. फेडोरा वर्कस्टेशनसारखे इन्स्टॉलर तयार इमेज जशीच्या तशी डिस्कवर उतरवतात, तिथे निवडायला जागाच नसते, आणि एकच इमेज टेस्ट करणं मेंटेनरना (लिनक्स तयार करून सांभाळणाऱ्यांना) परवडतं. ही खरी अडचण आहे, पण ती मेंटेनरची आहे असं सरळ सांगा ना, नवख्या युजरच्या नावावर कशाला खपवता. आणि त्यावरही तोड आहेच, कॅलामारेस या इन्स्टॉलरमध्ये पॅकेजेस निवडायचं वेगळं मॉड्यूल आहे, एंडेव्हरओएस हे लिनक्स तेच वापरतं.