‘गिअर ऑइल लाइफटाइम असतं’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

पाऊस सुरू झाला की फोर बाय फोरवाल्यांच्यात (ज्यांच्या गाडीत चारही चाकांना इंजिनची ताकद जाते) एक मेसेज दरवर्षी फिरायला लागतो आणि नवीन थार, जिम्नी घेतलेली पोरं तो खरा मानून बसतात. मेसेज साधारण असा: “गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल कंपनीने सील करून दिलेलं असतं, ऑइल लाइफटाइम असतं. गाडी पाण्यातून नेली तरी आत थेंब जात नाही. बदलायचंच असेल तर जीएल-५ घ्या, सगळ्यात वरचा ग्रेड, सगळीकडे चालतो. आधी डिझेलने धुवून घ्या, मग थोडं जास्तच भरा. ड्रेन प्लगवर चुरा दिसला तर गिअरबॉक्स गेला समजा. आणि घरी करूच नका, मशीन लागतं.” (डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, जो इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांना वाटतो.) यातलं एकेक वाक्य घेऊन बोलतो, कारण यातल्या दोन-तीन गोष्टींनी खरंच महागडे पार्ट जातात आणि एका गोष्टीने ब्रेक जाऊ शकतो.

“ऑइल लाइफटाइम असतं.”

ही समजूत कुठून आली ते कळतं. इंजिन ऑइलमध्ये जळालेल्या इंधनाची काजळी मिसळते, गिअर ऑइलमध्ये ती मिसळत नाही, म्हणून ते जास्त टिकतं, इथपर्यंत बरोबर. पण इंजिनला ऑइल फिल्टर असतो, डिफरन्शियलला नसतो. क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) घासून जी बारीक लोखंडी पूड निघते ती त्याच ऑइलमध्ये फिरत राहते आणि पुन्हा पुन्हा बेरिंगमधून जाते. वर ऑइलची जाडी कमी होते, ॲडिटिव्ह (ऑइलमध्ये मिसळलेली संरक्षक रसायनं) संपत जातात. मुळात लाइफटाइम म्हणजे कोणाचं लाइफ, गाडीचं की वॉरंटीचं, हे कोणी सांगत नाही. झेडएफ ही जर्मन कंपनी ज्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते त्यातल्या काही गाड्यांचे उत्पादक ऑइल लाइफटाइम म्हणतात, पण झेडएफ स्वतः साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी बदला असं सांगते. आणि हे रस्त्यावरच्या गाडीचं झालं. बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे सोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत, खडतर वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं, धूळ, पाणी, डोंगराळ रस्ते, ओढणं असं सगळं त्यात येतं, म्हणजे ताम्हिणी-वरंधाच्या बाजूला दर रविवारी चिखलात जाणारा माणूस सरळ त्याच रकान्यात बसतो. आधी तो रकाना वाचा.

“पाण्यातून नेली तरी आत थेंब जात नाही.”

या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

डिफरन्शियल हवाबंद नसतं. ऑइल तापलं की आतली हवा फुगते, ती बाहेर जायला वर एक छोटा ब्रीदर असतो. आता चित्र डोळ्यासमोर आणा, घाट चढून हाउसिंग (डिफरन्शियलचं बाहेरचं कवच) चांगलं तापलंय, हात लावला तर चटका बसेल इतकं, आणि तुम्ही तसेच थेट ओढ्यात उतरलात. गार पाण्याने हाउसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते, आत ओढ तयार होते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल किंवा पाण्याखाली असेल तर ती ओढ जिथून जमेल तिथून पाणी खेचते, म्हणजे बुडालेल्या ब्रीदरमधून नाहीतर ऑइल सीलच्या ओठातून. हे सील मुख्यतः आतलं ऑइल बाहेर येऊ नये म्हणून असतात, बाहेरचं पाणी असं दाबाने आत यायला लागलं की त्यांचं फार चालत नाही.

“पण कंपनीच सांगते ६५० मिमी पाण्यातून जा.” हो, २०२० च्या थारची वेडिंग डेप्थ ६५० मिमी दिलेली आहे. पण तिचा २५५/६५ आर१८ टायर बघा, त्याचा व्यास होतो साधारण ७९ सेंटीमीटर, म्हणजे ॲक्सलचा मध्य जमिनीपासून ३९-४० सेंटीमीटरवर. ६५ सेंटीमीटर पाण्यात मागचा ॲक्सल अख्खा बुडालेला असतो. गाडी पार होईल, बंद पडणार नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्यानंतर ऑइल तपासायचं नाही असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

एका मित्राची जुनी जिप्सी जुलैनंतर भोरच्या बाजूने परत आली आणि रात्रभर उभी होती. सकाळी आम्ही मागचा ड्रेन प्लग (ऑइल सोडायचं खालचं बूच) सैल केला तर आधी ऑइल आलंच नाही, स्वच्छ पाण्याची धार आली, कारण पाणी जड, ते तळाला जाऊन बसलं होतं. मग दुधाच्या कॉफीसारखं फेसाळ, फिक्कट तपकिरी काहीतरी थबथब पडायला लागलं. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत गाडीत कसलाही आवाज नव्हता. हेच लोकांना फसवतं, आवाज येतो तोपर्यंत बेरिंगला गंज धरलेला असतो. समुद्राचं पाणी गेलं असेल तर गंज आणखी लवकर धरतो (किनाऱ्यावर गाडी घालायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे आणि ती योग्यच आहे). तेव्हा ॲक्सल बुडेल इतक्या पाण्यातून गेलात तर घरी आल्यावर गाडी रात्रभर उभी करा, सकाळी ऑइलचा रंग बघा, दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. आणि ब्रीदरला नळी लावून ती इंजिन बेमध्ये उंच घ्या, फार खर्चाचं काम नाही.

“जीएल-५ सगळ्यात वरचा ग्रेड, सगळीकडे चालतो.”

चालत नाही. जीएल हा गिअर ऑइलचा प्रकार सांगणारा शिक्का, त्यातले ४ आणि ५ हे परीक्षेचे मार्क नाहीत, ती दोन वेगळी कामं आहेत. डिफरन्शियलमध्ये हायपॉइड गिअर असतात, पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे दाते एकमेकांवर फिरतात आणि त्याच वेळी जोरात घसरतात सुद्धा. त्या दाबाला टिकायला सल्फर-फॉस्फरसचे ईपी (एक्स्ट्रीम प्रेशर) ॲडिटिव्ह लागतात, आणि जीएल-५ मध्ये ते जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. तिथे जीएल-५ च पाहिजे, कमी चालणार नाही.

मॅन्युअल गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी, तिथे सिंक्रोच्या (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगा असतात. त्या रिंगेला कोनावर घासून पकड घ्यायची असते, तेव्हा कुठे गिअर अलगद पडतो. ऑइल फार घसरडं असलं की पकड येत नाही, गिअर खरखरतो, आणि काही जीएल-५ ऑइलमधला सल्फर पितळेला हळूहळू खातोही. नवीन जीएल-५ मध्ये पितळेला न खाणारी ऑइल मिळतात हे खरं आहे, पण त्याने पकडीचा प्रश्न सुटत नाही. काही गाड्यांना कंपनीनेच गिअरबॉक्समध्ये जीएल-५ सांगितलेलं असतं, तिथे तेच टाका. म्हणजे दुकानात जाऊन “९० नंबर द्या” म्हणून भागत नाही, मॅन्युअलमध्ये जाडीचा ग्रेडही बघायचा (९० हा तो) आणि जीएलचा आकडाही. फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा भाग), पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल अशा सहसा चार वेगळ्या जागा असतात आणि चारही ठिकाणी एकच ऑइल असेल असं नाही, बऱ्याच गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये तर गिअर ऑइल नाही, एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल असतं. आणि मागे लॉकर किंवा क्लचवालं लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरत राहू नये म्हणून केलेली सोय) असेल तर त्यासाठी कंपनीने काही वेगळं सांगितलंय का हे बघितल्याशिवाय डबा उघडू नका.

“आधी डिझेलने धुवून घ्या.”

नका धुवू. हाउसिंगच्या खाचाखोचांत आणि बेरिंगमध्ये डिझेल अडकून राहतं, पूर्ण निथळत नाही, मग नवीन ऑइल भरल्या दिवसापासूनच पातळ होतं. पाणी गेलेलं असेल तर त्याच ग्रेडचं स्वस्तातलं ऑइल भरा, थोडी गाडी चालवा, गरम असतानाच काढा आणि मग चांगलं भरा. दुसऱ्यांदा काढलेलंही दुधाळ असेल तर अजून एकदा. पैसे जातात खरे, पण क्राउन-पिनियन सेटच्या मानाने काहीच नाहीत.

“थोडं जास्तच भरा.”

ब्रेकचा धोका म्हणालो तो हा. जास्त ऑइल घुसळून फेसाळतं, तापतं, दाब वाढतो आणि ॲक्सलच्या टोकाच्या सीलमधून बाहेर यायला लागतं. २०२० च्या थारला मागे ड्रम ब्रेक आहेत, ऑइल ब्रेकच्या लायनरवर गेलं की त्या चाकाचा ब्रेक लागेनासा होतो, आणि हे कळतं उतारावर. बहुतेक डिफरन्शियलची लेव्हल फिलर प्लगच्या (ऑइल भरायच्या बुचाच्या) भोकाच्या खालच्या काठापर्यंत असते, करंगळी आत घालून टेकवली की कळतं. गाडी मात्र सपाट जागी हवी, नुसतं पुढून जॅकवर उचलून लेव्हल बघितली तर चुकीची येणार.

“प्लगवर चुरा दिसला तर गिअरबॉक्स गेला.”

ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर काळसर-राखाडी मऊ लगदा दिसणं नॉर्मल आहे, पहिल्यांदा बदलताना तर असतोच. बोटांत चोळून बघा, काजळासारखा मऊ लागला तर पुसा आणि प्लग लावा. बोटाला टोचणारे कपचे, दात्याचा तुकडा, चकाकणारी पट्टी दिसली तर तिथेच थांबा आणि मेकॅनिककडे जा.

“घरी करूच नका, मशीन लागतं.”

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल मी सहमत आहे. तिथे बहुतेक वेळा इंजिन चालू ठेवून, ऑइल ठराविक तापमानाला असताना लेव्हल बघावी लागते, ते सोडा. गाडी वॉरंटीत असेल तरी सर्व्हिस सेंटरला करा आणि बिल जपून ठेवा. पण मॅन्युअल गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियलला कसलंही मशीन लागत नाही. नीट बसणारा पाना किंवा ॲलन की, नवीन वॉशर, घमेलं आणि ऑइल भरायचा हातपंप, बस. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी आहे, बऱ्याचदा जॅक न लावताही हात पोचतो, आणि जॅक लावलाच तर स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली डोकं घालायचं नाही. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, आणि ट्रान्सफर केसचा लिव्हर न्यूट्रलमध्ये नाही ना हे बघा, कारण तो न्यूट्रलमध्ये असला तर गाडी गिअरमध्ये असूनही चाकं मोकळी असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, फिलर प्लग आधी उघडायचा. तो गंजून जाम झाला असेल आणि तुम्ही खालून ऑइल सोडून बसलात तर गाडी दारातच अडकली, भरायला वाटच नाही. थोडी चालवून आणा, कोमट असताना ऑइल पटकन उतरतं.

आणि निघालेलं ऑइल गटारात, विहिरीजवळ किंवा वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना ओतू नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरा, झाकण घट्ट लावा आणि जे गॅरेज नोंदणीकृत रिसायकलरला ऑइल देतं तिथे नेऊन द्या.