काकांनी सोडलं नाही, पोरानं घेतलं

सांगलीत परवा बुद्धिबळ स्पर्धेच्या चौथ्या फेरीत माझा डाव बरोबरीत सुटला. माझं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, १८५२, समोर अकरा वर्षांचं पोरगं, १४५०. तेव्हापासून दोन वाक्यं ऐकतोय. मला, "काय राव, पोरगं म्हणून सोडलास व्हय?" आणि त्याच्या वडिलांना, "नशीब काढलं पोरानं." दोन्ही चूक.

तिसाव्या चालीपर्यंत एकच स्थिती दोनदा येऊन गेली होती. तिसऱ्यांदा आणली की बरोबरी, आणि पटावर तेच रास्त होतं. पण डोक्यात चारशेचा फरक! चहाच्या टपरीवर कुठल्या तोंडानं जायचं? म्हणून वाट बदलली आणि डाव ओढत बसलो.

शेवटी माझ्याकडं उंट आणि दोन प्यादी, त्याच्याकडं नुसता घोडा. मनात मी गुण लिहून मोकळा झालेलो. त्यानं घोड्यानं माझं जी पट्टीतलं प्यादं मारलं. घोडा फुकट! शेजारच्या गृहस्थांनी च्यक् केलं. मी घोडा मारला आणि मग उजेड पडला. उरलेलं प्यादं एच पट्टीत, त्याचं वजीर व्हायचं घर काळं, माझा उंट पांढऱ्या घरांचा, त्या घरावर त्याचा जोर कधी पोचणारच नाही. पोराचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला. त्याला तिथून हुसकणार कोण? फार जवळ गेलो की स्टेलमेट, म्हणजे राजाला शह नाही पण चालही नाही, पुन्हा बरोबरीच. तरी पंधरा चाली हलवत राहिलो (लाज म्हणतात ती हीच). तो राजाला एच ८, जी ८, एच ८ करत प्रत्येक चाल सुबक अक्षरात लिहीत होता, मधेच पेनचं टोपण चावत. बरोबरीसाठी हात मीच पुढं केला.

"घोडा देताना ठाऊक होतं?"

"तुमचा काळ्या घरांचा उंट गेला ना काका, तेव्हाच."

याला नशीब म्हणायचं? सांगलीत बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात, जिथं भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे अशा राष्ट्रीय विजेत्या खेळल्या तिथं?

रेटिंगच्या हिशेबानं या डावात माझ्याकडून एकातले ०.९२ गुण अपेक्षित, मिळाला अर्धा. माझा के (एका डावानं रेटिंग किती हलायचं ते ठरवणारा गुणक) २०, गेले ८.४. त्याचा के ४०, मिळाले १६.८. पोरांचा के मोठा ठेवतात तो उगाच नव्हे. शिकणाऱ्या पोराचा आकडा त्याच्या मागून धापा टाकत येतो. मी खेळलो त्या जुन्या आकड्याशी.

बाहेर त्याच्या आईनं भडंगाचा पुडा पुढं केला. पोरगं पटावर पुन्हा सोंगट्या मांडत होतं.

"काका, तिसाव्या चालीला बरोबरी का नाही घेतली?"